वार्षिक परीक्षेची पूर्वतयारी
(प्राथमिक शाळांतील शिक्षकांसाठी)

मार्च महिना लागला, की खेड्यातील प्राथमिक शाळेचे वातावरण पालटू लागते. राहिलेले धडे पुरे करण्याची घाई होते, मागील प्रश्नपत्रिका बाहेर निघतात आणि फळ्यावरची उत्तरे वहीत उतरवून ती पाठ करण्यात मुलांचे दिवस जातात. ही धडपड मुलांच्या हितासाठीच असते, याविषयी शंका नाही. परंतु परीक्षेच्या दिवशी तिचा मुलाला कितपत उपयोग होतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात त्यासंबंधी काही मुद्दे आणि एकदोन शिक्षकांच्या शाळेतही सहा आठवड्यांत करता येईल असे काम मांडले आहे.

१. परीक्षेचे आजचे स्वरूप

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. त्याच्या मूळ तरतुदीप्रमाणे आठवीपर्यंत कोणत्याही मुलास मागील वर्गात ठेवता येत नसे. त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनास ७० व संकलितास ३० टक्के भार, तिसरी-चौथीत ६० व ४०, पाचवी-सहावीत ५० व ५०, अशी त्याची वाटणी ठरली. मूल जसजसे मोठे होते तसतशी लेखी परीक्षा वाढत जाते, हा या वाटणीचा अर्थ होय.

पुढे २०१९ साली अधिनियमात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राने २०२३ साली त्यास अनुसरून नियम केले. पाचवीस प्रत्येक विषयाला ५० गुण असून उत्तीर्ण होण्यास किमान १८ गुण लागतात. ते न मिळाल्यास मुलाला अधिक मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावयाची असते. तीतही यश न आले तर ते त्याच वर्गात राहू शकते. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढता येत नाही, ही तरतूद कायम आहे. याखेरीज २०२३-२४ पासून प्रथम भाषा, गणित व इंग्रजी या विषयांच्या नियतकालिक चाचण्या सुरू झाल्या. त्यांच्या प्रश्नपत्रिका राज्यपातळीवर तयार होऊन शाळेत येतात.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. निकालानंतरचे दोन महिने म्हणजे मे-जूनचे कडक ऊन आणि दीर्घ सुट्टी. या दिवसांत कोणी मामाच्या गावी जाते, कोणाचे आईवडील कामासाठी बाहेरगावी जातात. अशा वेळी मुलाला पुन्हा गाठून शिकविणे किती कठीण, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. म्हणून जे करावयाचे ते एप्रिलपूर्वीच झाले पाहिजे.

२. परीक्षा कोणाची?

हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तीत डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली व तिने त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपला अहवाल दिला. हस्तोद्योगातून शिक्षण हा या योजनेचा भाग सर्वांस ठाऊक आहे. परंतु परीक्षेसंबंधीचे समितीचे मत तितके ठाऊक नाही. प्रचलित परीक्षापद्धती शिक्षणास घातक आहे, असे समितीने स्पष्टपणे म्हटले. वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय मुलाच्या वर्षभराच्या कामाच्या नोंदींवरून व्हावा आणि पर्यवेक्षकांनी निवडक मुलांची पाहणी करून शाळेच्या कामाचा अंदाज घ्यावा, असे तिने सुचविले.

समितीच्या मताने आजची परीक्षा रद्द होत नाही, आणि ती घेण्याचे कर्तव्यही टळत नाही. परंतु उत्तरपत्रिकेकडे पाहण्याची दृष्टी त्यातून मिळते. मुलाची चूक ही आपल्या अध्यापनाची बातमी आहे. ती बातमी एप्रिलअखेर मिळून उपयोग नाही, मार्चच्या आरंभी मिळाली पाहिजे.

३. मूल कोठे अडते?

(अ) प्रश्नाच्या वाचनात. वर्गात प्रश्न बहुधा शिक्षकच वाचतात. वाचताना ते सहज एखादा शब्द सोपा करतात, नेमक्या शब्दावर जोर देतात. मूल उत्तर देते, आणि त्याला विषय येतो असे आपण समजतो. परीक्षेत तोच प्रश्न त्याला एकट्याने, मुकाट्याने वाचावा लागतो. तेथे ते थबकते. पाचवीतील जे मूल सलग परिच्छेद वाचू शकत नाही, त्याचा परिसर अभ्यासाचा पेपरही कोराच राहणार, मग त्या विषयाची कितीही माहिती त्याला असो. एका वाचनाच्या उणिवेने सगळेच विषय बुडतात.

(आ) शब्दांच्या भेदात. आपली मुले घरी वऱ्हाडी वळणाची बोली बोलतात. शेताला ती वावर म्हणतात, पेरूला जांब, कोथिंबिरीला सांभार, बटाट्याला आलू. प्रश्नपत्रिका मात्र प्रमाण मराठीत असते. ज्या घरांत गोंडी किंवा कोलामी बोलली जाते, तेथील मुलांचे अंतर याहूनही मोठे. 'पेरूचे दोन उपयोग लिहा' हा प्रश्न न सुटलेल्या मुलाला जांब माहीत नसतो असे नाही. घरचा शब्द चुकीचा आहे असे त्याला कधीही सांगू नये. दोन्ही शब्द शेजारी लिहून 'आपण असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात' एवढेच सांगावे.

(इ) संख्यांच्या नावांत. मराठीत एकोणचाळीस म्हणताना चाळीस ऐकू येते, पण लिहावे लागतात तीन आणि नऊ. त्रेपन्न लिहिताना ऐकण्याचा क्रम व लिहिण्याचा क्रम उलट होतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस' बरोबर 'वीस सात' ही रीत आली तेव्हा पुष्कळ वाद झाला. परंतु तिच्या मागील अडचण खरी आहे. चौथी-पाचवीतही संख्या ऐकून लिहिण्यात चुकणारी मुले आढळतात, आणि त्यांची पुढची सर्व आकडेमोड बरोबर असूनही उत्तर चुकते.

(ई) शाब्दिक उदाहरणांत. पुढील उदाहरण पाहा : राधाने २४ किलो कापूस वेचला. तो सुमनने वेचलेल्या कापसापेक्षा ६ किलोने कमी आहे, तर सुमनने किती कापूस वेचला? पुष्कळ मुले 'कमी' हा शब्द पाहताच वजाबाकी करून १८ लिहितात. उत्तर ३० आहे. अशा मुलास वजाबाकी पक्की येत असते. 'कमी म्हणजे वजा' हा जो नियम घाईने त्याच्या हाती दिला गेला, त्याने त्याला फसविलेले असते. आणखी पन्नास वजाबाक्या घालून हा दोष जात नाही. जास्त कापूस कोणाचा, हे आधी विचारण्याची सवय लावल्याने जातो.

४. सहा आठवड्यांचे काम

पहिला आठवडा : पाहणी. प्रत्येक मुलाला एकेकटे बोलावून अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट या चार पायऱ्यांवर वाचावयास लावावे. एका मुलास दोनतीन मिनिटे पुरतात. तीस मुलांच्या शाळेत हे काम दोन दिवसांत, इतर वर्ग चालू ठेवूनही होते. त्याचबरोबर दहा संख्या सांगून लिहून घ्याव्यात आणि चार शाब्दिक उदाहरणे सोडवून घ्यावीत. गुण देऊ नयेत. कोणते मूल कोठे अडले, एवढेच एका वहीत टिपावे.

ही चुकांची वही हजेरीपटाशी ताडून पाहावी. कापूस वेचणीच्या दिवसांत कित्येक मुले, विशेषतः मुली, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहतात. मंद समजलेल्या एखाद्या मुलीच्या चुका नेमक्या त्याच आठवड्यांत शिकविलेल्या भागावर आढळल्या, तर दोष तिच्या बुद्धीचा नसून गैरहजेरीचा आहे हे उघड होते. तिला सगळे पुस्तक पुन्हा शिकविण्याची गरज नसते, तेवढाच भाग शिकवावा.

दुसरा ते चौथा आठवडा : गटवार काम. रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पायरीप्रमाणे गट करावेत. चौथीचे मूल व दुसरीचे मूल एकाच गटात बसले तरी चालेल. परंतु मोठ्या मुलास कमीपणा वाटू नये म्हणून त्याच्याकडे पाट्या वाटणे, लहानांना शब्द सांगणे असे काम द्यावे. गोष्ट वाचणाऱ्या गटाला प्रश्न तयार करावयास सांगावे. स्वतः प्रश्न करणाऱ्या मुलास दुसऱ्याचा प्रश्न लवकर कळतो.

याच काळात सूचनांचे शब्द शिकवावेत. 'जोड्या लावा', 'योग्य पर्याय निवडा', 'कारण लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'चढत्या क्रमाने लिहा' यांपैकी रोज एक घेऊन त्यात काय करावयाचे असते ते मुलांकडूनच वदवून घ्यावे. चढता क्रम वहीत शिकविण्यापूर्वी मुलांना उंचीप्रमाणे उभे करावे.

पाचवा आठवडा : मूकवाचन. आता शिक्षकाने प्रश्न वाचून दाखविणे थांबवावे. रोज पाच प्रश्न फळ्यावर लिहून मुलांना ते मनात वाचू द्यावेत. उत्तर विचारण्याआधी 'यात काय विचारले आहे?' असे विचारावे. मुलाने आपल्या बोलीत सांगितले तरी स्वीकारावे. हे काम अवघे पंधरा मिनिटांचे असले तरी माझ्या मते साऱ्या तयारीत त्याचे मोल सर्वांत अधिक आहे.

सहावा आठवडा : सराव. खऱ्या परीक्षेसारखी एकच सराव चाचणी, ठरलेल्या वेळेत घ्यावी. दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका परत देऊन प्रत्येक मुलाला त्याची एक चूक त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावी. रोज नवी चाचणी घेणे टाळावे. रोज वजन केल्याने बैल पुष्ट होत नाही, वैरण घालावी लागते.

५. ऊन, भूक व भीती

२०२५ साली राज्यभर पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एकाच वेळापत्रकाने एप्रिलमध्ये ठेवण्यात आल्या, तेव्हा विदर्भातून उन्हामुळे हरकती निघाल्या होत्या. वेळापत्रक आपल्या हाती नसते. परंतु पिण्याचे थंड पाणी, खेळत्या हवेची खोली आणि सकाळी काहीतरी खाऊन येण्याची पालकांना आठवण, या गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

पालकसभा मजुरीहून लोक परतल्यावर सायंकाळी घ्यावी. तीत कोणाच्या मुलाचे उणे चारचौघांत सांगू नये. अक्षरओळख नसलेल्या आईलाही मुलाला मदत करता येते. मुलाने रोज एक पान तिला वाचून दाखवावे आणि तिने ऐकावे, एवढी तिला विनंती करावी. 'नापास झालास तर बकऱ्या राखशील' असे शब्द घरी वा शाळेत कोणीही उच्चारू नयेत. भ्यालेले मूल येत असलेलेही विसरते, आणि बकऱ्या राखणाऱ्या बापाचा त्यात अकारण अपमान होतो.

६. समारोप

सारांश, वार्षिक परीक्षेची तयारी म्हणजे संभाव्य प्रश्नांची उत्तरे मुलांच्या तोंडी बसविणे नव्हे. न पाहिलेला प्रश्न समोर आला असता तो शांतपणे वाचावा, काय विचारले आहे ते ओळखावे आणि आपल्या शब्दांत उत्तर लिहावे, एवढे बळ मुलास देणे ही खरी तयारी होय. हे बळ परीक्षेनंतरही त्याच्याजवळ राहते. पुढे कापसाच्या काट्यावरची पावती, औषधाच्या डब्यावरची सूचना किंवा बँकेचा अर्ज त्याला एकट्यानेच वाचावा लागणार आहे.

चुकांची वही मात्र परीक्षा संपताच टाकून देऊ नये. ती पुढील वर्गाच्या शिक्षकाच्या हाती द्यावी. जूनअखेर शाळा उघडेल तेव्हा कोठून आरंभ करावा, हे गुणपत्रकापेक्षा तीच वही अधिक नेमके सांगेल.