रिछाईला नेण्याची बॅग

जबलपूर

चि. बाळ,


रिछाईतली नोकरी पक्की झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. रुजू होण्याआधी एक टिकाऊ आणि दिसायलाही नेटकी बॅग घ्यायची आहे, कशी घेऊ, असं तू विचारलंस. जी वस्तू रोज दहा-अकरा तास आपल्याबरोबर असते, ती विचार करूनच घ्यायला हवी. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी इथला रस्ता समजून घे. रिछाई म्हणजे अधारतालच्या बाजूचा कारखान्यांचा भाग. लहान-मोठी युनिटं, त्यांच्यात मालाचे ट्रक, आणि ट्रकांमागे धूळ. तू स्कुटीने जाशील, कधी मेट्रो बसने किंवा ऑटोने. (इथे सिटी बसलाच मेट्रो म्हणतात, घोटाळा करू नकोस.) जबलपूरला वर्षाकाठी 1,300 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत. मे महिन्यात पारा कधीकधी 44 च्या पुढे जातो. नागपूरकर मुलीला उन्हाचं मी काय सांगावं! पण ऊन आणि ओल यांचा आलटून पालटून होणारा मारा बॅगेला सोसत नाही, हे लक्षात ठेव.

दुकानात जायच्या आधी घरी एक काम कर. रोज नेणार ते सगळं एकत्र ठेव आणि वजन कर. भरलेला डबा, लिटरची बाटली, लॅपटॉप, त्याचा चार्जर, छत्री किंवा रेनकोट, पाकीट, ओढणी. चार-साडेचार किलो सहज भरेल. शाळेच्या दप्तरासाठी केंद्राच्या 2020 च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्के ही मर्यादा सांगितली आहे. मोठ्यांसाठी तसा नियम नाही, पण मापदंड म्हणून तो चांगला आहे. तुझं वजन पन्नास किलो धरलं तर बॅगेसकट पाच किलो. म्हणजे रिकामी बॅग एक किलोच्या वर असेल तर ती कितीही देखणी असो, परत ठेव.

एवढं ओझं एका खांद्यावर रोज नेऊ नकोस. तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींची शबनम मला आवडते, पुस्तकं आणि वही घेऊन पायी फिरायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. स्कुटीवर मात्र ती घसरते, पुढे येते, वळताना तोल घालवते. शिवाय लोंबणारा पट्टा किंवा ओढणी मागच्या चाकात जाणं ही खरी भीती आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस. दोन पट्ट्यांची, पाठीला चिकटून बसणारी सॅक घे. वरती हातात धरायला मजबूत मूठ हवी, म्हणजे ऑफिसात शिरताना ती हातात घेतली की शाळकरी दिसत नाही. पट्ट्यांची उरलेली टोकं गुंडाळून अडकवता येतात का, तेही बघ.

आता मुख्य गोष्ट. बॅगेचं कापड क्वचितच फाटतं. ती जाते सांध्यापाशी: पट्टा जिथे पाठीला शिवलेला असतो तिथे, मुठीच्या बुडाशी, तळाच्या कोपऱ्यांत आणि चेनच्या टोकांना. दुकानदार पुढचा भाग दाखवील, तू बॅग उलटी करून पट्ट्याचं मूळ बघ. तिथे चौकट आणि तिच्या आत फुली अशी टीप असावी, नुसती एक सरळ ओळ नको. पट्टा शिवणीच्या आतपर्यंत गेलेला असावा, वरून चिकटवलेला नव्हे. मग बॅगेचं पोट उघडून अस्तर बाहेर ओढ. आतल्या शिवणींना पट्टी लावून कडा बंद केल्या असतील तर बनवणाऱ्याने मन लावून काम केलं आहे. कापडाचे धागे मोकळे सुटलेले दिसले तर सहा महिन्यांत तिथूनच उसवायला लागेल.

चेन दोन्ही बाजूंनी ओढून पाहा, विशेषतः वळणावर. तिथे अडली की समज, बॅग भरलेली असताना ती रोज अडणार. जाड दातांची चेन घे. वायकेके ही जपानी कंपनी 1934 पासून चेन बनवते. तिची तीन अक्षरं रनरवर असली तर चांगलंच, पण नक्कलही होते, म्हणून हाताने ओढून पाहिल्याशिवाय नावावर विसंबू नकोस.

कापडाबद्दल: लेबलवर डेनियर लिहिलेलं असतं. 9,000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका तो डेनियर. सहाशेच्या पॉलिएस्टरच्या बॅगा सगळीकडे मिळतात आणि चालतातही, नऊशे-हजाराचं नायलॉन मिळालं तर ते बरंच दणकट. सुती कॅनव्हास मला सगळ्यात सुंदर वाटतो, जुना झाला की अधिकच खुलतो, पण तो पाणी पितो, म्हणून पावसाळ्यात वरून कव्हर लागतं. खरं चामडं वजनाला जड आणि पावसाळ्यात बुरशी धरतं. ते तुला सणासमारंभाच्या पर्ससाठी शोभेल.

एका गोष्टीपासून मात्र तुला ठामपणे परावृत्त करते. दुकानात चामड्यासारखी चमकणारी, स्वस्त, देखणी बॅग दिसेल. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. दमट हवेत आणि उन्हात तो थर हळूहळू तुटतो, मग पट्ट्यावर आणि कडांवर पापुद्रे सुटतात आणि कुर्त्याला काळे कण चिकटतात. ते कोणालाही दुरुस्त करता येत नाही, मोचीलाही नाही. आपल्या हवेत अशी बॅग दोन-तीन पावसाळे काढली तरी पुष्कळ.

दिसण्याचंही मनावर घे, त्यात काही उथळपणा नाही. रंग एकच आणि गडद असू दे: गर्द निळा, मातकट तपकिरी, शेवाळी. हे रिछाईची धूळ लपवतात आणि कुर्त्यावर, साडीवर, जीन्सवर सारखेच शोभतात. मोठं नाव छापलेली नको. रुंदी तुझ्या खांद्यांपेक्षा जास्त नको, दिसायला बहुतेक बॅगा तिथेच बिघडतात. देखणेपणाला महागडा माल लागतो असंही नाही. सुधीर राजभर यांनी धारावीच्या चर्मकारांना बरोबर घेऊन पुनर्वापरातल्या रबराच्या ज्या बॅगा केल्या, त्यांत कोणतीही नक्षी नाही, तरी नजर ठरते, ती रेषेमुळे आणि प्रमाणामुळे.

1904 सालच्या आमच्या गन कॅरिज फॅक्टरीचे जुने कामगार सायकलच्या हँडलला कॅनव्हासची थैली अडकवून जाताना मी पाहिले आहेत. ठिगळं असायची, पण थैली तीच. म्हणून शेवटची कसोटी ही की ही बॅग आपला मोची शिवू शकेल का? बडा फुहाऱ्याच्या बाजारात पट्टा नवा लावून, रनर बदलून मिळतो. सगळं चिकटवून आणि वितळवून जोडलेली बॅग मात्र तो हातात घेऊन परत देतो. समज, आठशेची बॅग वर्षभर टिकली आणि अडीच हजाराची सहा वर्षं, मधे एखादी दुरुस्ती धरूनही दुसरीच स्वस्त. पहिल्या पगाराआधी एवढे पैसे काढणं जड वाटत असेल तर निम्मे माझ्याकडून, संकोच करू नकोस.

नागपुरात बर्डीवर खरेदीला जाशील तेव्हा भरलेला डबा, भरलेली बाटली आणि लॅपटॉप बरोबर ने. सगळं आत घाल, पाठीला लाव, दुकानातच दहा मिनिटं उभी राहा, आणि मग दाम विचार.

तुझी,
आत्या