एम.टेक.ला निघालेल्या भाचीला

चि. चिऊस,


तुझं पत्र मिळालं. शाश्वत बांधकामातच एम.टेक. करायचं ठरवलंस, बरं केलंस. आईसारखं ‘सरळ स्ट्रक्चरल घे’ असं मी म्हणणार नाही. पण तू पाठवलेल्या विषयांच्या यादीत निम्म्या ठिकाणी ‘हरित’ आहे आणि कशाच्या जागी काय, किती, कुठून आणायचं, हे एकाही ठिकाणी नाही. ज्या विषयात ते सांगता येत नाही तो खुशाल खोडून टाक, नाव कितीही झकास असो.

सिमेंटचंच बघ. भट्टी सौर ऊर्जेवर चालवली की सिमेंट स्वच्छ झालं, असं तू लिहितेस. नाही होत गं. शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली तर 56 किलो चुना हाती येतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा दगडातलाच वायू, इंधन कुठलंही असो. जगभरात माणसामुळे जेवढा कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यातला सात-आठ टक्के सिमेंटमुळे, आणि त्यातलाही निम्म्याहून जास्त असा दगडातून सुटलेला. तेव्हा भट्टीत भाजून निघतो तो सिमेंटचा मूळ माल, म्हणजे क्लिंकर, तोच मुळात कमी वापरायला हवा. फ्लाय ॲश आपण घालतोच, पीपीसी सिमेंटात 35 टक्क्यांपर्यंत चालते. पण कोळशाची वीज बंद करा म्हणायचं आणि तिच्याच राखेच्या भरवशावर राहायचं, हे किती दिवस चालणार?

स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ईपीएफएलमधल्या कॅरेन स्क्रिव्हनर आणि क्यूबात सांता क्लाराच्या विद्यापीठातले फर्नांदो मार्तिरेना यांनी वेगळी वाट धरली. पुढे आपल्या दिल्ली आणि मद्रास आयआयटीही त्यात उतरल्या. निम्मा क्लिंकर, 30 टक्के भाजलेली केओलिनची माती, 15 टक्के न भाजलेली चुनखडी, 5 टक्के जिप्सम. याला एलसी-थ्री म्हणतात. क्लिंकरला साडेचौदाशे अंश सेल्सिअस लागतात, मातीला आठशेच्या आसपास पुरतात, आणि भाजताना मातीतून पाणी जातं, कार्बन नाही. चिनी मातीच्या खाणीत बाजूला टाकलेली हलकी मातीही चालते. या सिमेंटचं भारतीय मानक, आयएस 18189, निघालं ते 2023 साली. तोवर विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या खपल्या. कोणी माती तपासली, कोणी काँक्रीटमधली छिद्रं मोजली, कोणी सळ्या खारट पाण्यात ठेवून गंज चढायची वाट पाहिली. तुझ्या वाट्याला येणारं संशोधन बहुधा असंच असेल. कंटाळा येईल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आता हे कोकणात आणून बघ. या सिमेंटची छिद्रं बारीक असतात, त्यामुळे समुद्राचा क्षार सळईपर्यंत सावकाश पोचतो. किनाऱ्यावरच्या घरांचे कॉलम फुटून सळ्या बाहेर आलेल्या तू लहानपणापासून पाहतेस. तिथे हे सिमेंट कामाचं. पण त्यात मोकळा चुना कमी उरतो, म्हणून हवेतला कार्बन डायऑक्साइड कव्हरमध्ये, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थरात, लवकर शिरतो. शिवाय माती पाणी ओढते, माल घट्ट होतो. ॲडमिक्श्चर नीट पडलं नाही तर स्लॅबच्या दिवशी मिक्सरवरचा माणूस सरळ पाण्याचा पाइप सोडणार, आणि प्रयोगशाळेत ठरवलेलं पाणी-सिमेंटचं प्रमाण तिथेच संपलं. नंतर स्लॅबवर पाणी मारायचं, तेही दोन-तीन दिवसांत थांबतं. अशा सिमेंटला तर ते जास्त दिवस हवं. मग असं अर्धवट क्युअरिंग झालेलं एलसी-थ्री मालवणच्या हवेत किती टिकेल? हा मला प्रबंधाचा विषय वाटतो. शहरातल्या एअरकंडिशन्ड इमारतीला ग्रीन रेटिंग मिळवून देणारं सॉफ्टवेअर मला तितकंसं नाही वाटत. (यावर तू चिडणार, माहीत आहे. चीड, पण त्या इमारतीचं विजेचं बिल मागून बघ.)

टिकाऊपणाकडे तुमच्या पिढीचं लक्ष कमी जातं. पंचवीस वर्षांत पाडावी लागली तर ती इमारत कसल्याही सिमेंटची असो, पुन्हा बांधताना सगळा माल पुन्हा लागतोच.

कॉलेजबद्दल विचारलंस. आयआयटीच्या नावाला किंमत आहे, तिथल्या यंत्रांना त्याहून जास्त आहे, मिळाली तर सोडू नकोस. पण गाइड कोण, हे आधी पाहा. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर आणि विचार, सर साइटवर येतात का, आणि प्रयोग फसला तर काय करतात. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये अमूल्य रेड्डींनी 1974 साली ‘अस्त्र’ हा विभाग सुरू केला. तिथे दाबून केलेल्या मातीच्या विटांवर संशोधन झालं आणि त्या विटांची घरंही उभी राहिली. तसा विभाग सापडला तर फी थोडी जास्त पडली तरी चालेल, आईशी मी बोलतो.

फॉर्म भरण्याआधी काँक्रीटच्या मानकातला, आयएस 456 मधला, टिकाऊपणाचा भाग वाच. किनाऱ्यावरच्या सळईच्या काँक्रीटला घनमीटरमागे किमान 320 किलो सिमेंट घाला, असं त्यात आहे. पाणी-सिमेंटचं प्रमाण सांभाळलं तरी एवढं लागतंच का, हे तुमच्या सरांना विचार आणि काय म्हणतात ते मला कळव. पाऊस सरल्यावर इकडे ये. ओळखीच्या ठेकेदाराची साइट चालू असेल. काँक्रीटच्या चाचणीचे क्यूब तू स्वतः भरायचे आहेत, तेव्हा कपडे जुने आण.

तुझा
मामा