समुद्रावरचा वारा आणि आपली पेरणी

मंडळी, जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला येई. त्या बंदरांत दूरदेशीची शिडाची जहाजे येत. ती पावसाळी वाऱ्यावर येत आणि हिवाळ्यात वारा उलटा फिरला की त्या वाऱ्यावर परत जात. तेव्हा या वाऱ्यावर व्यापार चाले. आज त्याच्यावर आपली शेती चालते.

वारा का फिरतो? उन्हात जमीन लवकर तापते, समुद्राचे पाणी सावकाश तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. मग तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा धावत येते. हा वारा लांबून, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून, अरबी समुद्र ओलांडून येतो. सह्याद्रीला तो अडतो, वर चढतो, थंड होतो आणि पाऊस पडतो. म्हणून भीमाशंकर, आहुपे या बाजूला भात पिकतो. डोंगर ओलांडला की वाऱ्यातले पाणी कमी होते. म्हणून बेल्हे, आणे या बाजूला पाऊस थोडा. हिवाळ्यात जमीन थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो.

पण दर साली वाऱ्याचा जोर सारखा नसतो. दूर प्रशांत महासागराचे पाणी काही वर्षी जास्त तापते. त्याला ‘एल निनो’ म्हणतात. अशा वर्षी आपल्याकडचा वारा बहुधा ढिला पडतो. १९७२, २००९ आणि २०१५ ही दुष्काळी साले अशीच होती. पण हा नियम पक्का नाही. १९९७ साली एल निनो मोठा होता, तरी देशात पाऊस नेहमीइतका झाला. आपल्या हिंदी महासागराचे पाणी कोठे किती तापते, यावरही पाऊस अवलंबून असतो.

एका पावसाळ्यातही वारा कधी जोरात असतो, तर कधी मंद. मंद झाला की पावसात खंड पडतो. २०१४ साल आठवा. त्या जूनमध्ये देशभर पावसाने ओढ दिली. पुढे ३० जुलैला आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. सुमारे दीडशे माणसे गेली. त्या साली देशाचा एकूण पाऊस कमीच भरला होता. तेव्हा ‘यंदा पाऊस कमी’ हे ऐकून डोंगराखालच्या गावाने निर्धास्त राहू नये.

मृगाची तारीख पंचांगात ठरलेली असते. वाऱ्याची तारीख ठरलेली नसते. दुपारी गडगडाट करून येतो तो वळीव. तो जागच्या उष्णतेने पडतो. त्याच्यामागे समुद्राचा वारा असेलच असे नाही. वळवाच्या सरीला भुलून बी टाकले आणि पुढे खंड पडला, तर बी वाया जाते. मग दुबार पेरणी आणि डोक्यावर कर्ज.

म्हणून तीन गोष्टी करा. पश्चिमेचा वारा रोज वाहतो का, ते बघा. ७५ ते १०० मिलिमीटर, म्हणजे तीन-चार इंच पाऊस झाल्यावरच पेरा. कुदळीने उकरून ओल खाली गेल्याची खात्री करा. आणि पुण्याच्या हवामान खात्याचा अंदाज स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते. दुसऱ्याच्या सांगण्यावर बी मातीत घालू नका.

सांगा पाहू :
१. बेल्ह्याला भीमाशंकरपेक्षा पाऊस कमी का?
२. वळीव आणि समुद्राचा पाऊस कसा ओळखाल?
३. गेल्या साली तुमच्या गावात खंड किती दिवस पडला? लिहून ठेवा.