शनिवारच्या रात्रीआधी

अड्याळ, जि. भंडारा

चि. बाळू,

तुझा फोन आला तेव्हा मी बांधीत होतो. रोवणी चालू आहे, म्हणून नीट बोलता आलं नाही. शनिवारी रात्री तू मध्यवर्ती मॅनेजरवरून सगळ्या शाखांच्या फायरवॉलवर फ्लेक्सकॉन्फिग पाठवणार, हे ऐकल्यापासून काळजी वाटते आहे.

ऑगस्ट २०२० चा पूर आठव. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं आणि वैनगंगा भंडाऱ्यात, पवनीत लोकांच्या घरांत शिरली. दरवाजा उघडणारा हात कुठे, भिजलेलं धान्य कुठे! तू पुण्यात बसून 'डिप्लॉय' दाबशील तेव्हा परिणाम भोगणारी शाखा अशीच दूर असेल.

म्हणून आधी विचार, हे फ्लेक्सकॉन्फिगचं टेम्पलेट लागतंच का? मॅनेजरच्या पडद्यावर जी सोय नाही, तिच्यासाठीच फ्लेक्सकॉन्फिग आहे. पॉलिसी-बेस्ड राउटिंग मॅनेजरच्या ७.१ आवृत्तीत आणि ईआयजीआरपी ७.२ मध्ये पडद्यावर आलं. जे तिथे करता येतं ते तिथेच कर. फ्लेक्सकॉन्फिगमधल्या काही कमांड मॅनेजर मुळातच नाकारतो. बाकीच्यांचा अर्थ तो तपासत बसत नाही, ती जबाबदारी सर्वस्वी तुझी.

टेम्पलेटमध्ये पत्ता किंवा इंटरफेसचं नाव थेट लिहू नकोस. टेक्स्ट ऑब्जेक्ट कर आणि प्रत्येक यंत्रासाठी त्याची किंमत वेगळी दे. मॅनेजरमधल्या एखाद्या ऑब्जेक्टचा उल्लेख असेल तर डिप्लॉयसाठी 'एव्हरीटाइम' निवड. 'वन्स' ठेवलंस तर पुढे ऑब्जेक्ट बदलला तरी यंत्रावर जुनंच राहील.

आता माझी चूक सांगतो. एका नोकरीत मी एका शाखेत चाचणीसाठी टेम्पलेट लावलं. काम झाल्यावर पॉलिसीतून ऑब्जेक्ट काढला, पुन्हा डिप्लॉय केलं आणि कमांड यंत्रावरून गेली असं समजलो. ती गेली नव्हती. काही महिन्यांनी त्या शाखेची पत्त्यांची रांग दुसऱ्या शाखेला दिली, तर जुना फायरवॉल अजून त्याच रांगेचा रस्ता जाहीर करत बसलेला. दुसऱ्या शाखेचे व्यवहार अर्धा दिवस अडले. पॉलिसीतून काढणं म्हणजे यंत्रावरून पुसणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी आधी 'नो' ने सुरू होणाऱ्या ओळींचं उलट टेम्पलेट लिहितो, मग मूळ टेम्पलेट.

मोठ्या लोकांनाही हे चुकत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकमध्ये देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांची सगळी डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली. अशी कमांड अडवणाऱ्या तपासणीतच दोष होता. सेवा सुमारे सहा तास बंद राहिली आणि दुरुस्तीसाठी माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. मॅनेजरचा रस्ताच तुटला की मॅनेजर काय करणार?

म्हणून शनिवारी आधी एकच शाखा घे, जिथे कन्सोलची केबल घेऊन आपला माणूस यंत्राशेजारी बसलेला असेल. तिथे रविवार, सोमवार जाऊ दे. सोमवारी कामाचा भार येईल तेव्हाच खरं काय ते दिसेल. मग चार शाखा, मग उरलेल्या. साहेब घाई करतील. त्यांना माझं नाव सांगून उपयोग नाही, पण ही योजना लेखी दे आणि त्यांची सही घे.

शुक्रवारपर्यंत प्रीव्ह्यूचा मजकूर मला पाठव, 'नो'च्या ओळींसकट. रोवणीतून रात्री आठला घरी येतो, जेवण झाल्यावर एकेक ओळ वाचेन. तुझ्या आईला सांग, पऱ्हे यंदा जोमदार आहेत.

तुझा,
मामा