घराच्या छपरावरील सौरसंच : आकार व दिशा कशी ठरवावी?

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान तीत ठरविण्यात आले. तेव्हापासून ‘पूर्ण अनुदान घ्या, तीन किलोवॅटच बसवा’ हा सल्ला मावळातील घरोघरी ऐकू येतो. परंतु अनुदानाखेरीज उरलेली रक्कम कुटुंबालाच, पुष्कळदा कर्ज काढून, उभी करावी लागते. म्हणून संचाचा आकार वर्षभराच्या वापरावरून आणि दिशा आपल्या छपरावरून ठरवावी, हे आम्ही येथे उदाहरणासह मांडत आहोत.

आकाराचा हिशेब

महावितरणची मागील बारा महिन्यांची बिले एकत्र करावीत. केवळ एका महिन्याचे बिल फसवे ठरते. मे महिन्यात पंखे अखंड चालतात, वसतिगृहातील मुले सुटीसाठी घरी असतात आणि वापर वाढतो. हिवाळ्यात तो उतरतो. बाराही महिन्यांच्या युनिटांची बेरीज हाच खरा आधार.

एक किलोवॅटचा संच महाराष्ट्रात दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो, असे सामान्यतः धरतात. पण वडिवळ्याचे आकाश निराळे आहे. ज्या ढगांमुळे वडिवळे धरण भरते, तेच ढग जून ते सप्टेंबर पॅनेलवरील ऊन अडवितात. लोणावळ्याच्या पावसावर तर १९१५ पासून खोपोलीचे जलविद्युत केंद्र चालले आहे. या प्रदेशाला पावसाने वीज दिली. सूर्याची वीज घेताना त्याच पावसाची वजावट करावी लागते. म्हणून आम्ही सावधपणे दर किलोवॅटला वर्षाला १,३०० युनिटे धरतो.

एखाद्या घराचा वार्षिक वापर २,४०० युनिटे आहे असे समजू. २,४०० भागिले १,३०० म्हणजे सुमारे १.८५. तेव्हा ५०० वॅटची चार पॅनेले, म्हणजे दोन किलोवॅट, पुरेशी होतात. त्यासाठी छपरावर साधारण २०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. नेट मीटरमुळे उन्हाळ्यात जमा झालेली युनिटे नंतरच्या वापरातून वळती होतात. परंतु आर्थिक वर्षाच्या अखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटांना विक्रीदराच्या मानाने कमी मोबदला मिळतो. गरजेपेक्षा मोठा संच घेतला, तर कर्जाचा हप्ता मोठा आणि परतावा लहान, अशी स्थिती होते. ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत आहे, त्यांना वीज मुळात सर्वांत स्वस्त टप्प्यात मिळते. त्यांनी एक किलोवॅटचाही परतावा किती वर्षांत होईल, हे आधी मांडून पाहावे.

दिशा आणि उतार

आपला अक्षांश सुमारे १८.८ अंश उत्तर आहे. वर्षाचा बराच काळ सूर्य मध्यान्ही आपल्या दक्षिणेस असतो. तो डोक्यावर किंवा किंचित उत्तरेस येतो तेव्हा बहुतांशी पावसाळा असतो. म्हणून दक्षिणाभिमुख आणि सुमारे १८ ते २२ अंश उतार ही रचना येथे योग्य होय. दिशा ओळखण्यासाठी ओळंब्याची सावली पाहावी. आपल्याकडे मध्यान्ह घड्याळातल्या साडेबाराच्या मागेपुढे होते. त्या वेळची सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण रेषा दाखविते.

सर्वांचे छप्पर दक्षिणेकडे उतरते असे नाही. कार्ले आणि भाजे येथील लेणी पश्चिमाभिमुख, तर बेडसे पूर्वाभिमुख. डोंगराने दिलेल्या दिशेतच ती कोरली गेली. कौलारू किंवा पत्र्याच्या घराचेही तसेच आहे. पूर्व किंवा पश्चिम उतारावर दक्षिणेच्या मानाने उत्पादन दहा टक्क्यांच्या आतबाहेर घटते. तेवढ्यासाठी छपरावर उंच सांगाडा उभारून वादळवाऱ्याला तोंड देणे शहाणपणाचे नाही. उत्तरेचा उतार मात्र शक्यतो टाळावा; हिवाळ्यात तेथे बरेच नुकसान होते.

दिशेहून अधिक हानी सावली करते. एकसर जोडणीतील एका पॅनेलवर सावली पडली, तरी साऱ्या ओळीचे उत्पादन घटू शकते. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही एक मीटर उंच कठड्याची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडते. सकाळी साडेनऊच्या सुमारास ती दुप्पट लांब असते. आंब्याचे झाड, पाण्याची टाकी, शेजारची भिंत यांची सावली त्याच दिवसांत खडूने आखून ठेवावी.

करारापूर्वी

बॅटरी नसलेला साधा संच महावितरणची वीज गेली की स्वतःही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवासाठी ती योजना असते. पावसाळ्यात दिवे लागावेत, ही अपेक्षा असेल तर बॅटरीचा खर्च निराळा धरावा. पत्र्याला भोके पाडल्यास गळती कोण थांबविणार, हेही करारात लिहून घ्यावे.

बारा बिले, छपराचे माप आणि सावलीचा नकाशा, एवढी सामग्री हाती घेऊनच विक्रेत्याशी बोलावे. हा हिशेब आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमण्याजोगा आहे; पालकांनी तो घरातील मुलांकडूनच करून घ्यावा.