साप विकत घेण्यापूर्वी

सापाविषयी आपल्या समाजात भीती आणि भक्ती या दोन्ही भावना पूर्वापार नांदत आल्या आहेत. अलीकडे त्यांत हौसेची भर पडली असून, काचेच्या पेटीत साप पाळण्याची इच्छा शहरांतील काही तरुणांत दिसू लागली आहे. सापाविषयीचे कुतूहल वाढावे, हे स्वागतार्हच होय. तथापि, कुतूहलाचे रूपांतर खरेदीत होण्यापूर्वी काही गोष्टींचा गंभीरपणे विचार व्हावयास हवा.

देशी साप : कायद्याची मर्यादा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये नाग, धामण, अजगर, मांडूळ यांसारखे देशी साप पकडणे, विकणे अथवा बाळगणे हा गुन्हा आहे. अजगराचा समावेश पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. मांडुळाची शेपटी बोथट असल्यामुळे त्यास दोन तोंडे आहेत व तो धनलाभ करून देतो, असा समज पसरविला जातो. वास्तविक, भुसभुशीत मातीत राहून उंदीर-घुशी खाणारा हा बिनविषारी साप शेतकऱ्याचा उपकारकर्ता आहे. गिऱ्हाईक आहे म्हणूनच त्याला बिळातून ओढून काढले जाते.

परदेशी साप : उगमाचा प्रश्न

पाळीव साप म्हणून जगभर विकला जाणारा बॉल पायथन हा मूळचा आफ्रिकेतील. घाना, टोगो व बेनिन या देशांत त्याच्या गाभण माद्या आणि अंडी बिळांतून खणून काढली जातात. 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. वन्यजीव अधिनियमात २०२२ साली झालेली दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याच्या मालकाने त्याची नोंदणी करणे, तसेच त्याचा जन्म, मृत्यू व हस्तांतरण कळविणे आवश्यक आहे. विक्रेत्यापाशी ही कागदपत्रे नसतील, तर प्राणी चोरट्या मार्गाने आला असावा, असेच धरून चालावे. जून २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात डझनावारी विषारी साप सापडले होते. अशा प्रवासात प्राण्यांचे जे हाल होतात, त्यांचे मोल अखेरीस ग्राहकच चुकते करीत असतो.

पेटीतील आयुष्य

अमेरिकेतील सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयास १९६१ साली एका खाजगी मालकाकडून मिळालेल्या बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली. त्या वेळी तिचे वय साठीच्या पुढे होते. इतके दीर्घायुष्य अपवादात्मक असले, तरी चांगली निगा राखल्यास हा साप वीस-तीस वर्षे सहज जगतो. शिक्षण, नोकरी, विवाह, स्थलांतर या साऱ्यांतून त्याची जबाबदारी आपण निभावू शकू काय?

शिवाय गाय हंबरते, कुत्रा केकाटतो. सापाला मात्र दुःख सांगणारा आवाज नाही. उष्णता व आर्द्रता बिघडली, तोंडात जखम झाली, तरी तो निपचित पडून राहतो आणि मालकास तो शांत आहे असे वाटते. सर्पचिकित्सेचे ज्ञान असलेले पशुवैद्यही सर्वत्र मिळत नाहीत. नक्षीच्या हव्यासापोटी पैदा केलेल्या 'स्पायडर' या वाणात तर मान डळमळण्याचा मज्जाविकार आनुवंशिक असतो. असा प्राणी विकत घेणे म्हणजे त्या पैदाशीस उत्तेजन देणे होय.

सोडून देणे हा उपाय नव्हे

कंटाळून साप रानात सोडल्यास काय घडते, याचा धडा अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने दिला आहे. हौशी लोकांकडून सुटलेल्या व सोडलेल्या ब्रह्मी अजगरांनी तेथील एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशात ठाण मांडले आणि रॅकूनसारखे सस्तन प्राणी अनेक भागांतून जवळजवळ दिसेनासे झाले. २०१२ साली त्या देशाने या अजगराच्या आयातीवर बंदी घातली. परंतु तोवर फार उशीर झाला होता.

ज्यांना सापांची खरोखर ओढ आहे, त्यांनी पुण्यातील कात्रजच्या सर्पोद्यानास भेट द्यावी व आपल्या परिसरातील साप ओळखावयास शिकावे. घरात साप निघाल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. अवैध विक्री आढळल्यासही हाच मार्ग अनुसरावा. साप विकला जातो, कारण कोणीतरी तो विकत घेतो. तो व्यवहार थांबविणे सर्वस्वी ग्राहकाच्या हाती आहे.