दिनचर्या आणि मनाचें आरोग्य



शरीराच्या आरोग्याविषयीं आपण पुष्कळ ऐकतों. मनाच्या आरोग्याविषयीं मात्र फार थोडें बोललें जातें. दहावीची परीक्षा जवळ आली कीं भोर-वेल्ह्याच्या कित्येक घरांतून मुलांची झोप उडते, जेवण गोड लागत नाहीं, आणि केलेला अभ्यास ऐन वेळीं आठवत नाहीं. अशा वेळीं, पैसे खर्चून आयुर्वेदीय आरोग्यधामांत चार दिवस राहिल्यानें मन शांत होईल काय, असा प्रश्न पालकांच्या मनांत येतो. त्याचा येथें विचार करूं.

आयुर्वेदानें शरीर व मन यांची फारकत केली नाहीं. चरकसंहितेंत वात, पित्त व कफ हे शरीराचे दोष सांगितले आहेत, तसेच रज व तम हे मनाचे. सुश्रुतानें निरोगी मनुष्याच्या लक्षणांत मनाच्या प्रसन्नतेचीही गणना केली आहे. या आरोग्याचे आधार म्हणून आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हीं तीन सांगितलीं. पहाटे उठणें, अंगास तेल लावणें, अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करणें, ही दिनचर्या. भूक, तहान, झोप यांचे वेग अडवूं नयेत. परंतु लोभ, शोक, भय व क्रोध यांचे वेग आवरावे, असा चरकाचा उपदेश आहे.

परंतु जुनें म्हणून तें डोळे मिटून मानावें, असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्याच पुणें जिल्ह्यांत, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून योगाची प्रयोगशाळेंत परीक्षा आरंभिली. अशी परीक्षा पुढें परदेशींही झाली. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील एका विश्रामस्थानीं ६४ स्त्रियांची दोन गटांत वांटणी केली. सहा दिवस एका गटानें केवळ सुट्टी उपभोगिली. दुसऱ्यानें ध्यान व योग यांचा अभ्यास केला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अहवालाप्रमाणें आरंभीं दोन्ही गटांचें मन हलकें झालें. दहा महिन्यांनंतर मात्र ध्यान शिकलेल्यांत खिन्नतेचीं लक्षणें कमी आढळलीं. ही परीक्षा लहान होती, व तेल-औषधांची नव्हती. तरी तीवरून आम्हांस असें वाटतें कीं, विश्रांतीचा गुण लौकर ओसरतो, आणि अंगीं बाणलेली संवय टिकते.

मग ती संवय घरींच कां लावूं नये? तोरणा व राजगड यांच्या पायथ्याशीं राहणाऱ्यास मोकळी हवा व चढउताराचा व्यायाम विकत घ्यावा लागत नाहीं. रात्रीं ठराविक वेळीं मोबाईल दूर ठेवून निजा. ताजा, ऊन भात-वरण वेळेवर जेवा. सकाळीं थोडें चाला. दहा मिनिटें स्वस्थ बसून श्वासाकडे लक्ष द्या. आणि मनांतील भय वडील माणसांस सांगा.

पालकांसही दोन शब्द. कांहीं रसौषधींत पारा व शिसें असतें. नोंदणीकृत वैद्याच्या सल्ल्यावांचून तीं मुलांस देऊं नयेत. दोन आठवडे खिन्नता हटली नाहीं तर डॉक्टरांकडे जावें. आणि मुलगा किंवा मुलगी जीव नकोसा झाल्याचें बोलली, तर एक दिवसही न थांबतां जावें. सरकारच्या टेली-मानस या सेवेशीं १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें. दिनचर्या हा निरोगी मनाचा पाया होय. परंतु जेथें आजार जडला असेल, तेथें वैद्यकीय उपचार टाळणें हा मुलांवर अन्याय होईल.